मला, रेघ, नको

माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते, पण त्यांनी लढाई पाहिली नाही. ऐकली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वाळूत रुतत चाललेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते आणि त्यांच्या वयाची आणखी काही पोरं कानाला हेडफोन लावून बसायची आणि समुद्रापलीकडच्या जहाजांचं आपसातलं बोलणं चोरून ऐकायची. बोलणं म्हणजे वायरलेसची टिकटिक, आणि तीही सांकेतिक. पाच-पाच अक्षरांचे गठ्ठे यायचे, त्यांचा अर्थ शेडमधल्या कुणालाच कळत नसे. कानावर येईल ते कागदावर उतरवायचं आणि कागद पुढे पाठवायचा. पुढे कुठेतरी हुशार माणसं बसलेली होती, त्यांना कळत असावं. म्हणजे बाबांनी अख्खी लढाई एक अक्षरही न समजता ऐकली आणि त्याबद्दल त्यांना पदक मिळालं. ते आमच्या शोकेसमध्ये माझ्या शाळेतल्या वक्तृत्वाच्या कपाशेजारी ठेवलेलं आहे.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. कुणाला सांगणार नाही अशी सही करून दिलेली होती, म्हणून त्यांनी सांगितलं नाही; आणि मुळात ते कधीच काही सांगत नसल्यामुळे आम्हाला वेगळं असं काही जाणवलं नाही. मी कॉलेजात असताना एकदा टीव्हीवर कुठलासा सिनेमा लागला होता. त्यातला वायरलेसवाला हेडफोन लावून खुर्चीत ऐटीत मागे रेलला. बाबा म्हणाले, "असं रेलायचं नसतं." आई म्हणाली, "तुम्हाला काय माहीत?" मग त्यांना सांगावंच लागलं.

सांगितलं तेही तुकड्या-तुकड्यांनी, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत. शेडमध्ये उलट बोलायचं यंत्रच नव्हतं. फक्त ऐकायचं. एखादं अक्षर वाऱ्यात किंवा खरखरीत गेलं तर तिथे कागदावर आडवी रेघ मारायची. अंदाज अजिबात लावायचा नाही. अंदाजाने एक अक्षर भरलं तर पुढच्या हुशार माणसांचं गणित चुकतं आणि कुठेतरी भलतीच बोट बुडते. आणि सुटलं ते सुटलं. समोरच्याला "पुन्हा सांगा" म्हणायची सोय नाही, कारण आपण ऐकतोय हेच त्याला माहीत नसतं.

त्या पलीकडच्यांमध्ये एक होता, त्याला हे लोक 'सर्दी' म्हणायचे. एका ठरावीक अक्षराआधी टिकटिक करणारा त्याचा हात किंचित अडखळायचा, नाक ओढल्यासारखा. त्याचं जहाज बदललं, नाव बदललं, यंत्र बदललं, तरी दोन ओळींत शेडमध्ये कुणीतरी म्हणायचंच, "सेट बदललाय, हात तोच." लढाई संपली आणि सर्दी कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. बाबांनाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "बरा असेल." हा एवढाच अंदाज मी त्यांच्याकडून ऐकलेला आहे.

सेट आणि हाताचं ते वाक्य मात्र त्यांनी घरी आणलं. आम्ही दाराची जुनी किर्र वाजणारी बेल काढून भजन म्हणणारी बसवली, तेव्हा पहिल्याच दिवशी बेल वाजल्यावर बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "इस्त्रीवाला. सेट बदललाय, हात तोच." इस्त्रीवालाच होता. आई म्हणाली, "एवढं ऐकू येतं, तर मी बोलते ते का नाही ऐकू येत?" बाबांनी पेपरचं पान उलटलं.

आईचं माहेर नांदगावचं, घर अगदी रेल्वेलाईनला चिकटून. अशा घरात गाडी जाईपर्यंत थांबायचं किंवा गाडीच्या वर बोलायचं, असे दोनच पर्याय असतात. आईच्या माहेरच्यांनी दुसरा घेतला. लग्न होऊन ती नाशकात आली, आम्ही भाड्याची घरं बदलत शेवटी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, जवळपास कुठेही रेल्वे नाही, तरी तिचा आवाज गाडीच्या वरच राहिला. मी लिफ्टमध्ये असतानाच मला घरात काय चाललंय ते कळायचं. भाजी काय आहे तेही कळायचं. तिचं कुठलंही बोलणं, मग ते कोथिंबिरीबद्दल असो की कुणाच्या मरणाबद्दल, एकाच प्रश्नाने संपायचं. "अहो, ऐकताय ना?"

बाबा ऐकत असायचे. उत्तर द्यायचे नाहीत. माझ्या आठवणीत त्यांनी या प्रश्नाला एकदाही उत्तर दिलेलं नाही. ऐकणाऱ्याने मी ऐकतोय असं सांगायचं नसतं, हे त्यांच्या हाडात गेलेलं होतं. आईला हे सिनेमाच्या त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही तिचा राग काही कमी झाला नाही. "भिंतीला तरी ओल येते," असं ती म्हणायची.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर प्रेसच्या धाडधाडीत उभी राहून मी पास की रिजेक्ट ते ओरडून सांगते, आणि घरी येते ती गप्प बसायला. माझं लग्न झालं, मग मोडलं, मग मी आईबाबांकडे परत आले. तिन्ही बातम्या बाबांना आईने सांगितल्या. तिन्ही वेळा ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी मी आले तेव्हा माझ्या खोलीतली लुकलुकणारी ट्यूब त्यांनी बदलून ठेवलेली होती.

तर असं आमचं घर. एक ओरडणार, एक ऐकणार, एक कंटाळलेली. मग आईच्या गळ्यातली थायरॉईडची गाठ काढली. काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आम्ही समजून होकार दिला होता, आणि तो लागला. गाठ साधी निघाली. आवाज गेला. म्हणजे बोलायची ती तेवढंच, पण बाहेर नुसती हवा यायची. काही महिने वाट पाहा, येईल, असं सांगितलं. महिने गेले, हवाच येत राहिली.

आणि आईचा आवाज गेल्यावर आठवड्याभरात आम्हाला शोध लागला की बाबा बहिरे आहेत. बहुधा बऱ्याच वर्षांपासून असावेत. आईच्या आवाजापुढे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

मी त्यांना कान तपासायला नेलं. एका काचेच्या कपाटात बसवून कानात निरनिराळे आवाज सोडतात, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "सगळे लोक अधूनमधून अंदाजाने दाबतात. काका एकदाही दाबत नाहीत. यांचा रिपोर्ट फार स्वच्छ आहे." मग तिने आलेख दाखवला. खालच्या पट्टीतले सूर बाबांना तरण्या माणसासारखे ऐकू येत होते. शिट्टीसारखे बारीक आवाज, स, श, त, क, कुजबूज, हे सगळं गेलेलं. बाबांनी आलेखावर एका जागी बोट ठेवलं. वायरलेसची टिकटिक साधारण त्या पट्टीत यायची, म्हणाले. तिथे रेघ सरळ होती. म्हणजे लढाई उद्या पुन्हा झाली तर बाबांना ती नीट ऐकू येणार होती. फक्त घरचं काही ऐकू येणार नव्हतं.

"मशीन लावू या," मी म्हटलं.

"मी बहिरा नाही. सिग्नल वीक आहे," बाबा म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.

आईने लिहून दाखवावं, असं मी सुचवून पाहिलं. पाटी आणली, मार्कर आणला. तिने पाटीवर भाजीवाल्याचा फोन नंबर लिहिला आणि ती फ्रिजवर उभी करून ठेवली. चिठ्ठ्या लिहून संसार करायचं तिचं वय नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग ती काही दिवस बोलायची आणि बाबा बघत राहायचे, आणि घर इतकं शांत झालं की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. मला शांतता हवी होती, मी वर्षानुवर्षं ती मागत होते. मिळाल्यावर मात्र मी लिफ्टचं दार धरून उगाच कान देत थांबायची.

उपाय बाबांनीच काढला. शेडमध्ये त्याला 'स्केड' म्हणायचे. समोरचं जहाज रोज ठरलेल्या वेळी बोलायला येतं, त्या वेळी आपण सेटवर हजर असायचं. बाबांनी दुपारची चारची वेळ ठरवली. चारला पंखा बंद. फ्रिज बंद. खिडक्या लावलेल्या. वॉचमनला सांगून पाण्याची मोटर उशिरा. भंगारवाला गाडीवर भोंगा लावून नेमका त्याच वेळी गल्लीत यायचा, तर बाबा खाली उतरून त्याच्याशी बोलले.

"काका, कोन आजारी हाय का घरी?" भंगारवाल्याने विचारलं.

"नाही. बायको बोलते."

भंगारवाला लग्न झालेला असावा. तो त्या दिवसापासून चारला पलीकडच्या गल्लीत जायला लागला.

आई पहिल्या दिवशी हसली, म्हणजे खांदे हलले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती केस विंचरून, तोंडाला पावडर लावून चारच्या आधीच येऊन बसायला लागली. आवाजच निघत नव्हता, तर पावडर कशाला, हे मी विचारलं नाही. बाबा तिच्यासमोर ताठ बसायचे, मागे न रेलता, डोळे मिटून. ती बोलायची, ते ऐकायचे. बोलून झालं की ती उठून चहा टाकायची.

संध्याकाळी मी सातपूरहून आले की मला दिवसभराचा अहवाल मिळायचा. लिहिलेला नाही, तोंडी. जसं ऐकू आलं तसं, आणि जे सुटलं तिथे रेघ.

"कोथिंबीर, रेघ, रेघ, तिसऱ्या मजल्यावरची, रेघ, लाज नाही. तिचा, रेघ, डबा, रेघ, विसरली. रेघ, रेघ, रेघ, नांदगावला, रेघ, लग्न."

"तिसऱ्या मजल्यावरची काकू कोथिंबीर मागून नेते, तिला लाज नाही," मी म्हणायची.

"असेल. मी तसं ऐकलं नाही."

"दुसरं काय असणार, बाबा?"

"रेघ ती रेघ."

आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. मी बरोबर ओळखलं की ती पळी भांड्यावर एकदा वाजवायची, चुकलं की दोनदा. बाबांना ही पद्धत पसंत नव्हती, पण चालवून घेत. बरे दिवस होते ते. मला तेव्हा कळत होतं की हे बरे दिवस आहेत, आणि तसं मला फार क्वचित कळतं.

मग आवाजाचे डॉक्टर भेटले. मुंबईहून ठरलेल्या दिवशी नाशकात येणारे, तरुण, हसरे. त्यांनी सांगितलं की आता नुसती वाट पाहून आवाज येणार नाही, पण एक छोटं ऑपरेशन करता येईल. गळ्याला बाहेरून छेद द्यायचा आणि आत एक बारीक तुकडा बसवायचा, म्हणजे लुळी पडलेली आवाजाची पट्टी मधे सरकते आणि आवाज उमटतो. पेशंटला पूर्ण भूल द्यायची नाही, तेवढीच जागा बधिर करायची, कारण आईला ऑपरेशन चालू असताना बोलावं लागणार. ती बोलणार, डॉक्टर ऐकणार, आणि आवाज नीट लागेपर्यंत तुकडा पुढेमागे करणार. पुढे ते बराच काळ परदेशी जाणार होते. त्याआधी त्यांच्याकडे एकच दिवस रिकामा होता, आणि उशीर करू नका, असंही ते म्हणाले. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवा.

मला तर हो म्हणायचं होतंच. गळा आईचा होता, म्हणून मी गप्प बसले. आईने घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चारला ती बोलली.

मी घरी आले तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"मला, रेघ, नको," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तेवढंच. मला, रेघ, नको. पुढे आणखी दोन-तीन शब्द, तेही रेघा. मग तिचा तो प्रश्न. मग उठली."

"ऑपरेशन नको म्हणाली?"

"रेघ म्हणाली."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "ऑपरेशन नको म्हणतेस का, आई?" पळी वाजली नाही, एकदाही नाही आणि दोनदाही नाही. मी आत गेले. आई कणीक मळत होती. मी पुन्हा विचारलं. ती माझ्या कानाशी आली आणि हवा सोडली, "त्यांना सांगितलंय."

"त्यांना ऐकू आलं नाही, आई."

"पन्नास वर्षं मी हेच ऐकत आले," असं काहीसं ती म्हणाली आणि परत कणकेकडे वळली. मला सांगायला ती तयार नव्हती. जे सांगायचं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच.

माझं डोकं फिरलं. आमच्या कारखान्यात मापात बसत नसलेला माल असतो, तो रिजेक्ट करता येतो. घरचा करता येत नाही. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि प्रेसवर बोलते त्या आवाजात म्हणाले, "तिला विचारा. परत सांग म्हणा. एवढंच म्हणायचं आहे."

"तसं विचारायचं नसतं."

"बाबा, तिकडे शत्रू होता. इथे आई आहे. ती तुम्हाला काय गोळी घालणार आहे का?"

बाबांनी थोडा विचार केला. "उद्या पुन्हा बोलेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई चारला येऊन बसली. केस विंचरलेले, पावडर नाही. ती बोललीच नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या, आणि दोघं समोरासमोर गप्प. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. हॉस्पिटलमधून फोन आला, तो बाबांनी घेतला आणि मोठ्याने सांगितलं, "एक शब्द सुटलाय. कळवतो." पलीकडच्या मुलीने काय समजून घेतलं कोण जाणे. गुरुवारी त्याच मुलीचा मला कारखान्यात फोन आला. त्या तारखेसाठी दुसरे पेशंट थांबलेले आहेत, उद्या संध्याकाळनंतर धरून ठेवता येणार नाही.

त्या संध्याकाळी मी अहवाल विचारला. बाबा म्हणाले, "काही नाही. रेघसुद्धा नाही."

मग ते आपणहून बोलले, जे ते करत नाहीत. म्हणाले, शेडमध्ये खरखरीची भीती नसायची, रेघांचीही नसायची. भीती वाटायची ती कुणी एकदम गप्प झालं की. सर्दी दोनदा असा गप्प झाला होता. गप्प झालेलं जहाज म्हणजे बंदरातून निघालेलं जहाज, कुठे ते कळत नाही. एवढं बोलून ते उठले आणि औषध घ्यायला गेले. मी तिथेच बसले. मला त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला ते मला कळलं नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. चारला मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. ऐकण्यासाठी चोरून उभं राहणं आमच्या घराण्यात चालतं. पंखा बंद झाला, फ्रिज थांबला. आई ओठ मिटून बसलेली. बाबा समोर ताठ, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे उघडले.

"त्या दिवशी तू काय म्हणालीस?" बाबा म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. परत सांग."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ही उठून जाणार. ती उठली, पण खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि बोलली. बाबांना एकदा नाही कळलं. "परत," ते म्हणाले. तिने परत सांगितलं. "परत." तिने आणखी एकदा सांगितलं. पन्नास वर्षांत जे एकदाही विचारलं नाही, ते हा माणूस आता लागोपाठ विचारत होता आणि ती न चिडता सांगत होती. मी दाराआड रडत होते, आवाज न करता, तेही घराण्यात आहेच.

मग बाबांनी नियमाप्रमाणे ऐकलेलं सगळं मोठ्याने म्हटलं.

"मला एकटीला नको. तुम्ही आत या." ते थांबले. "मी येऊन काय करू?"

आई कानाशी वाकली.

"डॉक्टरला माझा आवाज कुठे माहीत आहे," बाबांनी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे."

एकही रेघ नव्हती. मी दाराआडूनच हॉस्पिटलला फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं.

कानाच्या मशीनचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. शनिवारी सकाळी बाबा रिक्षाने एकटेच गेले आणि ते लावून आले. दिवसभर ते घरात फिरत एकेका वस्तूशी थांबत होते. "हा फ्रिज एवढा ओरडतो?" म्हणाले. बाथरूमचा नळ गळतो हे त्यांना कळलं. मी भांडी लावताना तोंडातल्या तोंडात त्यांच्याबद्दल बोलत असते, हेही कळलं. "हे रोज असतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," ते म्हणाले.

डॉक्टरांना आम्ही आईची अट सांगितली, तेव्हा ते हसले आणि नाही म्हणाले. आत कुणालाही घेता येत नाही. आईने हाताची घडी घातली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मग म्हणाले की आत सिस्टरांचा फोन स्पीकरवर ठेवू, काका बाहेर बसून ऐकतील. "मी आवाज लावतो, तुम्ही सांगा. चालेल?" आईने घडी सोडली.

म्हणून त्या दिवशी बाबा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, बाकावर, मागे न रेलता बसले होते. माझा फोन त्यांच्या मशीन लावलेल्या कानाशी. मी शेजारी, माझा कान फोनच्या दुसऱ्या बाजूला. आतून भांड्यांचे आवाज येत होते. मग डॉक्टर म्हणाले, "काकू, एक ते दहा म्हणा." नुसती हवा आली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावलं, या वेळी हवेत काहीतरी चिरकलं. "काका?"

"नाही," बाबा म्हणाले.

पुन्हा आकडे. आता आवाज होता, पण दाबलेला, कुणीतरी गळा धरल्यासारखा. "नाही," बाबा म्हणाले. पुन्हा. बाबांनी मान हलवली, मग मान हललेली आत दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाले, "नाही." मला इतकी भीती माझ्या कुठल्याच निकालाची वाटली नव्हती, कोर्टाच्यासुद्धा नाही.

डॉक्टर आत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "काकू, आकडे राहू द्या. काहीही बोला."

मग आवाज आला. जाडसर, घोगरा, खालच्या पट्टीतला. नांदगावचा नव्हे, रेल्वेच्या वर जाणारा तर नव्हेच.

"अहो, ऐकताय ना?"

बाबांचे डोळे मिटलेले होते. ते सवयीने गप्प राहिले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी फोन कानावरून काढून तोंडासमोर धरला.

"ऐकतोय," ते म्हणाले.

आत सगळं थांबलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "काका, हाच आवाज ना? तुम्ही सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही."

"सेट बदललाय," बाबा म्हणाले. "हात तोच आहे."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे हो," आतून आई त्यांना म्हणाली. "आता शिवा."